मागच्या रांगेतलं पोर काय वाचतं?

प्रश्न : बाई, आम्ही मूळचे परभणी जिल्ह्यातले. नवऱ्याची नोकरी चाकण एमआयडीसीत, दोन वर्षं झाली इथं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलीला सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण होतील, म्हणजे येत्या जूनला पहिली. सोसायटीपासून चालत सात-आठ मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकलो, म्हणून मला तिथं घालावंसं वाटतं. पण सोसायटीतली सगळी मुलं पिवळ्या व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातात. शेजारच्या ताई म्हणाल्या, "तिथं कामगारांची, बाहेरच्या राज्यातल्यांची पोरं असतात, तुमची मुलगी बिघडेल." नवरा म्हणतो, फी भरू पण पोरीवर प्रयोग नको. मी दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. भिंती छान रंगवल्यात. पण आत जाऊन नेमकं बघायचं काय, तेच कळेना.
– एक आई, चाकण

उत्तर :

ताई, तुमच्यासारखे फाटकाशी घुटमळणारे आईबाप मी चौतीस वर्षं आतल्या बाजूनं पाहिले. आधी वर्गशिक्षिका म्हणून, शेवटची अकरा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारी म्हणून. वर्गाच्या खिडकीतून दिसायचे. पोर कडेवर, नजर शाळेच्या पाटीवर. पाटी वाचून झाली की मैदानावर, आणि कुणी विचारायच्या आत पाठ फिरवून चालू लागायचे. हातातला वर्ग सोडून मला धावता यायचं नाही. खासगी शाळेत दाराशी टेबल मांडून एक मुलगी बसलेली असते, ती हसून फॉर्म देते. आमच्याकडे ते टेबल नाही. त्या एका टेबलापायी आम्ही किती मुलं घालवली असतील, देव जाणे.

तर तिसऱ्या खेपेला आत जा. मार्च चालू आहे, याहून चांगली वेळ नाही. जूनमध्ये गेलात तर फुगे आणि प्रवेशोत्सव दिसेल, २६ जानेवारीला गेलात तर लेझीम दिसेल. मार्चमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी, परिपाठ आटोपल्यावर गेलात तर शाळा दिसेल. सकाळची शाळा सुरू झाली असेल तर नऊच्या सुमाराला जा. मुख्याध्यापकांना सरळ सांगा की मुलीला पहिलीत घालायचंय, अर्धा तास वर्गात बसू द्या. हल्ली अनोळखी माणसाला वर्गात सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण एवढं कारण सांगूनही कुणी टोलवाटोलवी करायला लागलं, तर तुमचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

भिंतींना मार्क देऊ नका. तुमच्या भागात कारखाने आहेत, कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या पैशातून शाळा रंगवल्या जातात. रंग फार तर दोन-तीन पावसाळे टिकतो. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत एक ते शंभरचा तक्ता जमिनीपासून सात फुटांवर काढला होता. रंगाऱ्याला वाकावं लागलं नाही आणि पहिलीच्या एकाही पोराचा हात तिथवर पोचला नाही. दुसऱ्या एका शाळेची भिंत पार उडालेली होती, पण खालच्या तीन फुटांत काळा रंग मारून बाईंनी प्रत्येक मुलाला हातभर फळा दिला होता. रोज खडू, रोज पुसणं. भिंत दिसायला भिकार, आणि पोरं झरझर लिहायची.

वर्गात शिरल्यावर फळ्याचा वरचा कोपरा बघा. तिथं रोज पट, म्हणजे नाव घातलेली एकूण मुलं, आणि उपस्थिती लिहायची पद्धत आहे. समजा पट ४८ आणि हजर ४१ लिहिलंय. आता डोकी मोजा. हे डोकी मोजायचं काम मी अकरा वर्षं पगार घेऊन केलं, तुम्ही फुकटात करा. एक-दोनाचा फरक असतोच, कुणी पाणी प्यायला गेलेलं असतं. दहाचा फरक निघाला तर ती शाळा कागदावर भरते असं समजा.

मग मुख्याध्यापकांना विचारा की शिक्षकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती. हा प्रश्न विचारणारा पालक क्वचितच भेटतो, म्हणून उत्तर खरं मिळतं. शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. दीडशेच्या वर पट गेला की वेगळा मुख्याध्यापक. डोंगरातल्या शाळांमध्ये मुलं नसतात म्हणून शिक्षक कमी असतात. कारखान्यांच्या पट्ट्यात उलटं होतं, पट दरवर्षी फुगतो आणि पदं मागून रखडत येतात. तुमच्या इथं मला त्याचीच भीती वाटते. दोन वर्ग एका बाईंकडे असणं वाईट नाही, मी स्वतः पहिली-दुसरी एकत्र शिकवली आहे. पण सत्तर पोरं एका खोलीत आणि बाई निवडणुकीच्या कामाला गेलेल्या, हे चित्र दिसलं तर रंगीत भिंत विसरून जा.

आता खरी परीक्षा. दुसरीच्या वर्गात जा. पहिलीचं मूल अजून शिकतं आहे, त्याच्यावरून काही ठरवता येत नाही. चौथीपर्यंत काही पोरं शिकवण्या लावून, काही घरच्यांच्या जोरावर निघून गेलेली असतात. दुसरीच्या मार्चमध्ये जे दिसतं ते बहुतांशी शाळेचं असतं.

आतल्या गोटातली एक गोष्ट सांगते. तपासणीला साहेब आले की म्हणतात, "वाचून दाखवा बरं कुणीतरी." लगेच पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहते. दोन वेण्या, खणखणीत आवाज, बोट न ठेवता सरसर वाचते. ती प्रत्येक शाळेत असते. मीही तिला उभी केलेली आहे, खोटं कशाला बोलू? साहेब खूश होतात, शेरेबुकात "प्रगती समाधानकारक" लिहितात आणि चहा पितात. पण ती मुलगी कुठल्याही शाळेत घातली असती तरी वाचायला शिकलीच असती. तिच्यावरून शाळेबद्दल काहीसुद्धा कळत नाही. पुढं मी केंद्रप्रमुख झाले तेव्हा एकच शहाणपणा केला. गेल्या गेल्या मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेल्या पोराशेजारी जाऊन बसायचे.

तुम्हीही तिथंच बसा. वाचायला पाठ्यपुस्तक देऊ नका. मार्चपर्यंत बालभारतीचे धडे ऐकून ऐकून पाठ झालेले असतात, पोरं पुस्तक उलटं धरूनही म्हणतात. घरून एका कागदावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहून न्या. काहीही चालेल. "मनी दारात बसली होती. वारा आला. दार लागलं. मनीची शेपटी अडकली." एवढंच. त्याला बोट ठेवून वाचू द्या. अडखळला, अक्षराला अक्षर जोडत गेला, तरी बिघडत नाही. शेवटी "कुणाची शेपटी अडकली रे?" विचारा. मनीची म्हणून तो हसला, तर वाचन त्याच्या डोक्यापर्यंत पोचलं. मागच्या दोन रांगांतल्या चार पोरांना असं वाचायला दिलं आणि त्यातल्या तिघांनी कसंबसं का होईना वाचलं, तर ताई, ती शाळा चांगली आहे. मला त्यांच्या संगणक कक्षाबद्दल काही ऐकायचं नाही.

ही कसोटी मी घरी बसून काढलेली नाही. 'असर' नावाची पाहणी खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन साधारण असाच कागद मुलांच्या हातात देते. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेत पाचवीला असलेल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली ती ४४.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. खासगी शाळांचा आकडा यापेक्षा वर आहे, पण तिथंही सगळी मुलं वाचतात असं नाही. तुमच्या नवऱ्याची भीती अगदीच हवेतली नाही हे मान्य करा. आणि आकडा देशाचा आहे, तुमच्या गल्लीतल्या शाळेचा नाही, हे त्यांनाही सांगा.

पोर वाचत असताना एक डोळा बाईंवर ठेवा. नंतर हळूच विचारा, "ह्याचं कुठं अडतं हो?" ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच मी तुम्हाला एवढं लांब पाठवते आहे. "त्याला अजून काना-मात्रा जमतात पण उकार पहिला की दुसरा यात गोंधळतो, घरी भोजपुरी बोलतात, नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा तोंडच उघडत नव्हता" असं काही ऐकू आलं, तर डोळे मिटून मुलीचं नाव घाला. "तो तसलाच आहे, घरचे लक्षच देत नाहीत" असं आलं, तर थांबा. तुमची लेक पहिल्या रांगेत बसेल की शेवटच्या, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही. कांजिण्या होऊन महिनाभर घरी बसली, तर हुशार मूलसुद्धा मागं पडतं. मग तिला कोण ओढून आणणार, ते त्या एका उत्तरात असतं.

गणिताचं थोडक्यात. त्याच पोराला "पंचवीस लिही" म्हणा. मराठीत आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, म्हणून पोरं ऐकल्या क्रमानं ५२ लिहितात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच', 'पन्नास दोन' असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! ज्यांनी दुसरीला कधी शिकवलंय त्या बायका गप्प होत्या, कारण अडचण आम्हाला ठाऊक होती. तर ५२ लिहिलं म्हणून मूल ढ ठरत नाही. वर्गात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आहेत का आणि त्यांचे रबर सैल झालेत का, ते बघा. नवे कोरे गठ्ठे कपाटात असतील तर ते तपासणीसाठी आहेत.

वह्या बघाल तर सांभाळून. आखीव, टपोऱ्या अक्षरातली, पानोपानी लाल बरोबरच्या खुणा असलेली वही बघून आयांचा जीव हरखतो. कितीतरी मुलं फळ्यावरचं चित्रासारखं उतरवतात आणि त्यातला एक शब्द वाचता येत नाही. मला खाडाखोड असलेली वही जास्त आवडते.

मुलगी आहे म्हणून एक सांगते, मुलींची मुतारी स्वतः आत जाऊन बघा. कायद्यानं ती वेगळी असायलाच हवी आणि बहुतेक ठिकाणी असते. प्रश्न असतो कुलपाचा. पाहुणे येतील म्हणून चांगली मुतारी कुलूपबंद आणि पोरी शाळेच्या मागं, असं मी पाहिलंय. ज्या शाळेत पाहिलं त्यांना तेव्हाच ऐकवलंय. आत नळाला पाणी येतं का, कडी लागते का, एवढं बघा. मुली दिवसभर पाणी न पिता बसतात ते उगाच नाही.

खिचडीची चव घ्या. संकोच करू नका, शिजलेलं अन्न मुलांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्यानं चाखायचं आणि वहीत लिहायचं असा नियमच आहे. त्यात तुमची सही पडली तर स्वयंपाकीणबाईंना आनंदच होईल.

आता शेजारच्या ताई. 'बिघडेल' म्हणजे काय, हे त्यांना एकदा विचारा. शिव्या, उवा आणि भाषा, या तिघांपलीकडे यादी जात नाही, हा माझा अनुभव. पहिल्या दोन गोष्टी व्हॅनमध्येही मिळतात. भाषेचं म्हणाल, तर तुम्ही घरी "काय करायलास" म्हणत असाल, आणि चाकणच्या जुन्या माणसाला तेही ऐकायला गंमतच वाटत असेल. ज्या पोरांबद्दल बोलणं चाललंय त्यांचे बाप तुमच्या नवऱ्याच्याच लाईनवर, फार तर ठेकेदाराकडून, कामाला असतात. मला हे बोलणं ऐकून राग येतो, आणि तो आला म्हणून मी माफी मागणार नाही.

पण राग बाजूला ठेवून खरं काय ते सांगते, कारण तुम्ही मला शाळेबद्दल विचारलंय. वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरी मराठी नसेल, तर पहिलीचे पहिले चार-पाच महिने वर्ग हळू चालतो. होळीला गावी गेलेली पोरं महिनाभर उगवत नाहीत, आली की बाई पुन्हा मागं जातात. जिला मराठी येतं अशी मुलगी तोवर कंटाळू शकते, किंवा दुभाषी होऊन सगळ्यांची ताई बनते. दोन्ही मी पाहिलंय. कुठलं होईल ते बाई तिला काय काम देतात यावर आहे, आणि तिच्या हाताशी वाचायला गोष्टींची पुस्तकं आहेत का यावर. म्हणून विचारा, वाचनालयाची पेटी कुठाय? शेवटचं पुस्तक कधी घरी गेलं?

इंग्रजीची काळजी जरा कमी करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी विषय आहे, आणि बऱ्याच शाळांमध्ये सेमी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून. तुमच्या शाळेत सेमी आहे का आणि ते शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला इंग्रजी बोलवतं का, हे वर्गात बसून ऐका. पाटीवर सेमी आणि फळ्यावर घोकंपट्टी असेल तर साधी मराठी तुकडी बरी. घरच्या भाषेतून आधी वाचायला शिकलेलं मूल दुसरी भाषा लवकर उचलते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर वाद घालत नाही. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं.

आणि तोच चार ओळींचा कागद घेऊन व्हॅनवाल्या शाळेतही जा. तिथं इंग्रजीतून लिहून न्या. दुसरीच्या मागच्या रांगेत बसू देतात का बघा. बसू दिलं आणि पोरं समजून वाचत असतील तर माझी काही हरकत नाही, फी परवडत असेल तर घाला. मात्र आधी युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक मागा. प्रत्येक शाळेला अकरा आकडी असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. द्यायला का-कू करत असतील तर शाळेला मान्यता आहे का ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर होतात, आणि त्यात नाव सापडतं तेव्हा पालकांनी वर्षाची फी भरलेली असते.

नेहमीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारणारच असाल. तुमची मुलं कुठं शिकली? थोरला माझ्याच शाळेत चौथीपर्यंत. धाकटीच्या वेळी माझी बदली झाली, राहत होतो त्या गावची शाळा एकशिक्षकी आणि ते गुरुजी आठवड्यातले दोन दिवस बैठकीला. मी तिला खासगी शाळेत घातलं. लोक बोलले. आजही तोच निर्णय घेतला असता. म्हणून इथल्या शिक्षकांची मुलं कुठं शिकतात यावरून फार काही ठरवू नका. बहुतेक जण वीस-पंचवीस किलोमीटरवरून ये-जा करतात, मुलं तिकडंच शिकतात.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल एक वाक्य. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. मुलगी तिथं गेली तर तुम्हाला त्या बैठकीत बसायची मुभा फीच्या पावतीशिवाय मिळते. प्रोसिडिंग बुक, म्हणजे बैठकीत काय ठरलं ते लिहायची वही, मागून बघा. महिन्या-महिन्याला त्याच चार ओळी आणि एकाच पेनाच्या सह्या असतील तर समिती कागदावर आहे, आणि मग तुमच्यासारख्या बाईची तिथं गरज आहे.

रस्ता मात्र लेकीला सोबत घेऊन चाला, शाळा भरायच्या वेळेला. सात-आठ मिनिटं हे तुमच्या पायांचं मोजमाप झालं, तिची बारा होतील. वाटेत कंटेनर-ट्रकचा मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर रोज नेणं-आणणं कोण करणार ते आधी ठरवा. बाकी सगळं जुळून आलं आणि हे जुळलं नाही, तर शाळा चांगली असून उपयोग नाही.

नवऱ्याची समजूत तुम्ही घालत बसू नका. तुमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि गुरुवारी शाळा चालू असते. तुमचं मंगळवारचं बघून झालं की तो कागद त्यांच्या खिशात द्या आणि एकट्यांना पाठवा. बाक लहान असतात, गुडघे दुखतील, पण मागच्याच रांगेत बसा म्हणावं.